मधुचंद्राची आखणी कोणी करावी?

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा शिवकाल नाहीतर पेशवाई यांतला एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे शाळेत तेच शिकवले. दुसरी अपेक्षा तरी कशी करणार? परंतु गेल्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर दूध आटत असताना जो वाद रंगला, त्याने माझा विषय परस्पर ठरवून टाकला. ज्या भगिनी त्या रात्री हजर होत्या त्यांना तो आठवत असेलच. ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

माझ्या नातीचे लग्न येत्या वैशाखात ठरले आहे. मुलगा-मुलगी दोघेही नोकरी करणारी, दोघांनाही मोजकी रजा. लग्नानंतर स्वित्झर्लंडला जावे असा होणाऱ्या नातजावयाचा बेत. प्रश्न एवढाच होता, की घरबसल्या प्रवासाची आखणी करून देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना हे काम सोपवावे की आपले आपण करावे. या बाई तिकिटांचे आणि हॉटेलचे पैसे वेगळे सांगतात आणि नुसत्या आखणीचे पंधरा हजार रुपये वेगळे. ते ऐकून माझ्या मुलाने कपाळाला हात लावला. "हातातल्या फोनवर सगळं मिळतं. मग हे पंधरा हजार कशाचे?" असे त्याचे म्हणणे. नातजावई म्हणाला, "काका, मीच सगळं आखतो, मला आवडतं ते." शेजारच्या वहिनींच्या भाच्याने स्वतः आखणी केली होती आणि परदेशातल्या स्टेशनवर रात्र काढली होती, ती हकिकत त्यांनी सविस्तर सांगितली. एका ज्येष्ठ भगिनींनी "आधी जेजुरी, मग कुठे जायचं तिथे जा" असा निकाल दिला. आणि मग सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या इतिहासात काय सांगितलंय?"

मी तेव्हा उत्तर दिले नाही. माझे लक्ष दुसरीकडे होते. इतका वेळ जिच्या मधुचंद्राविषयी आम्ही बोलत होतो, ती मुलगी पातेल्याशी बसून दूध ढवळत होती आणि तिला कोणी काही विचारलेले नव्हते. मीसुद्धा नाही.

त्यानंतर मी आपल्या वाचनालयातली आणि माझ्या कपाटातली पुस्तके चाळली. जे सापडले ते पुढे मांडते.

जेजुरीपासूनच सुरुवात करू, कारण त्या ज्येष्ठ भगिनी काही चुकीचे बोलल्या नव्हत्या. लग्नानंतर नव्या जोडप्याने कुलदैवताच्या दर्शनाला जायचे ही आपल्याकडची फार जुनी रीत. कुणाचा खंडोबा, कुणाची तुळजाभवानी, कुणाची अंबाबाई, कुणाचा जोतिबा. खंडोबाच्या गडावर नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, ही प्रथा तर अजून चालू आहे; दम लागलेला नवरा आणि लाजेने पदर सावरणारी बायको मी स्वतः पाहिली आहेत. नवराबायको म्हणून दोघांनी मिळून केलेला हा पहिला प्रवास. फरक एवढाच, की ती दोघे एकटी नसत. सासू-सासरे, दीर-नणंदा, आत्याबाई, शिवाय मागे जागरण-गोंधळाची तयारी. देव ठरलेला, दिवस ठरलेला, बरोबरची माणसे ठरलेली. नव्या नवरीने काय ठरवायचे? हळदीचे हात आणि भंडाऱ्याचे कपाळ घेऊन मागून चालायचे.

आणि प्रवासाची व्यवस्था पैसे घेऊन लावून देणारा माणूस ही काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. नाशिकला, त्र्यंबकेश्वराला, काशीला, गयेला आपले क्षेत्रोपाध्याय आणि पंडे शतकानुशतके हेच काम करीत आले आहेत. यात्रेकरू गावच्या वेशीशी आला की आडनाव आणि मूळ गाव विचारायचे, वही उघडायची आणि पणजोबा कोणत्या साली आले होते ते वाचून दाखवायचे. उतरायची जागा, स्वयंपाकाची भांडी, नदीवरचे विधी, परतीची सोय असे सगळे एका हाताने होई. त्या वह्या आज वंशावळी शोधणाऱ्यांना उपयोगी पडतात. दक्षिणेवरून वाद होत ते होतच. पण अनोळखी मुलखात उतरल्यावर आपले नाव कोणाला तरी ठाऊक आहे, या दिलाशाची ती किंमत होती, असे मला वाटते. मात्र यजमानाला उपाध्याय निवडता येत नसे. तो घराण्याबरोबरच येई.

आता मधुचंद्र. हा शब्द इंग्रजीवरून बेतलेला आहे हे उघड आहे. १५५२ सालच्या एका इंग्रजी कोशात तो आढळतो, आणि तिथला अर्थ ऐकून आजच्या मुली नाराज होतील. नवपरिणितांचे प्रेम सुरुवातीला मधासारखे गोड असते आणि पुढे चंद्रासारखे कलेकलेने घटत जाते, अशी ती थट्टा होती! प्रवासाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. नवविवाहितांना महिनाभर मधाची दारू पाजत, म्हणून हे नाव पडले अशी एक गोष्ट हल्ली सगळीकडे सांगतात, तिला पुरावा नाही. आपल्याकडे चंद्र म्हटला की शीतळ चांदणे आणि कोजागिरी. त्यामुळे मराठीत येताना त्या शब्दातली कुचेष्टा गळून पडली आणि गोडवा तेवढा राहिला, हे आपल्या भाषेचे भाग्यच म्हणायचे.

लग्नानंतर प्रवासाला निघण्याची चाल इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वरच्या वर्गात रुळली. जे नातलग लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी नवे जोडपे भेटीला जाई, आणि सोबत नवरीची बहीण किंवा मैत्रीणही असे. जेन ऑस्टेन यांच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफिल्ड पार्क' या कादंबरीत मारिया लग्न करून नवऱ्याबरोबर ब्रायटनला समुद्रावर जाते, तेव्हा धाकटी बहीण ज्युलिया बरोबर असते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. आपल्या जेजुरीपेक्षा हे फार वेगळे नाही, हे लक्षात घ्यावे.

खुद्द राणी व्हिक्टोरियाचा मधुचंद्र किती दिवसांचा होता? तिचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले आणि १४ तारखेला ती विंडसरहून लंडनला परत आली होती. आल्बर्टला अधिक दिवस हवे होते. तिने लग्नापूर्वीच त्याला कळवले की मी राज्याची स्वामिनी आहे, पार्लमेंट चालू असताना मला दूर राहता येत नाही. सगळ्या जुन्या कागदांत ज्या एका नवरीने आपला मधुचंद्र स्वतः ठरवलेला मला दिसला, तिने तो चार दिवसांचा ठरवला! अर्थात तिच्या डोक्यावर मुकुट होता. आपल्या डोक्यावर पदर असतो.

बाकीच्यांचे काय होई ते जॉर्ज एलियट या लेखिकेने लिहून ठेवले आहे. पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या या विदुषीची 'मिडलमार्च' ही कादंबरी १८७१-७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली डोरोथिया थोराड, विद्वान नवऱ्याबरोबर मधुचंद्राला रोमला जाते. नवरा आपल्या ग्रंथासाठी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिपणे काढीत बसतो आणि ती परक्या शहरात बिऱ्हाडी एकटी रडत राहते. जागा त्याच्या सोयीची, वेळ त्याच्या सोयीची. मी ती पाने बी. ए.ला असताना वाचली होती. तेव्हा मला डोरोथिया थोडी हट्टी वाटली. लग्नानंतर पुन्हा वाचली तेव्हा तशी वाटली नाही.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८७३ साली रमाबाई रानडे यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती तिशी ओलांडलेले. लग्न होऊन पुण्याच्या घरी आल्याबरोबर त्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि पुढे न्यायमूर्तींच्या फिरतीत त्या बरोबर हिंडल्या. ते भाग्य हजारात एकीचे. इतर मुली नवरा कोणता हे कळण्याआधीच सासरच्या माजघरात पोहोचत, आणि ऋतुशांतीचा समारंभ वडीलधारी ठरवतील त्या मुहूर्तावर होई. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला, तोही वय दहावरून बारावर नेण्यापुरता, आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले. आज ते अठरा आहे. नवराबायकोने दोघांनीच कुठेतरी जावे, या कल्पनेला आधी नवरी मोठी व्हावी लागते, तिला बोलता यावे लागते. म्हणून आपल्याकडे मधुचंद्र उशिरा आला. रेल्वे तर १८५३ सालीच आली होती. गाडी होती, पण गाडीत बसून खिडकीबाहेर बोट दाखवणारी नवरी अजून यायची होती.

आता प्रवास लावून देणाऱ्यांकडे येते. या धंद्याचा जनक म्हणून टॉमस कुक याचे नाव घेतात. हा गृहस्थ लाकडाचे काम करणारा, धर्मनिष्ठ आणि दारूचा कट्टर विरोधक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर गावातून सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने लाफबरो येथील दारूबंदीच्या सभेला नेली, जाण्यायेण्याचे दरडोई एक शिलिंग घेऊन. लोकांना गुत्त्यापासून दूर नेण्यासाठी सहल काढावी, एवढाच त्याचा पहिला हेतू. पुढे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला त्याने दीड लाखावर माणसे पोहोचवली, १८५५ मध्ये युरोपात पाऊल टाकले, १८६८ पासून हॉटेलची कुपने काढली आणि १८७४ मध्ये परगावी वटणाऱ्या हुंड्या, म्हणजे पुढच्या ट्रॅव्हलर्स चेकची आजी!

पण मला यातले सर्वांत आवडले ते १८६३ सालचे स्वित्झर्लंड. कुकने त्या वर्षी तिकडे पहिली सहल नेली. तीत यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल नावाची एकतीस वर्षांची अविवाहित बाई होती. बरोबर भाऊ आणि मित्रमंडळी. पायघोळ घागरे सावरीत या बायका हिमनदी ओलांडून गेल्या, घाट उतरल्या, पहाटे चार-पाचला उठून चालू लागल्या. तिने लिहिलेली रोजनिशी शंभर वर्षांनी, १९६३ साली, छापून निघाली. त्या काळी सभ्य घरातल्या बाईला पुरुष सोबतीशिवाय परदेशात फिरणे अशक्य होते. कुकची सहल म्हटली की घरचे परवानगी देत, कारण कोणीतरी जबाबदार माणूस बरोबर आहे. तेव्हाचे श्रीमंत लोक या सहलींची मेंढरांचा कळप म्हणून टिंगल करीत. ज्यांना एरवीही कोणी अडवीत नाही, त्यांना अशी टिंगल परवडते. ज्या बाईला त्या कळपाखेरीज उंबरठाच ओलांडता येत नव्हता तिच्या दृष्टीने पाहिले, तर हा व्यवस्थापक तिचा मुक्तिदाताच ठरतो.

कुकची पेढी १८८१ साली मुंबईत आली. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जाणाऱ्या हाजयात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडे सोपवली होती, हे वाचून मला आश्चर्य वाटले. काही वर्षांनी ते काम तिने सोडले. बाकी तिचे गिऱ्हाईक म्हणजे साहेब, संस्थानिक आणि विलायतेला जाणारे बॅरिस्टर. आपल्या मध्यमवर्गाचा तिच्याशी संबंध यायला बराच काळ जावा लागला.

आपला मधुचंद्र फुलला तो साहेबाने वसवलेल्या थंड हवेच्या ठिकाणी. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने नावारूपाला आणले, आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी गाडी नेरळहून वर चढू लागली. महाबळेश्वर तर मुंबई सरकारचे उन्हाळ्यातले ठाणे. साहेब गेला आणि त्याच्या बंगल्यांच्या आसपास लॉज उभे राहिले. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर धावली, आणि पाहता पाहता शाळामास्तर आणि कारकून यांनाही घाट चढणे परवडू लागले. १९६७ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'मधुचंद्र' नावाचा बोलपटच आला. तोवर तो शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारायची चोरी होती; पोस्टरवर आल्यावर ती थोडी कमी झाली.

आमचे लग्न मे १९७० चे. आमच्या घरात तो शब्द तरीही कोणी उच्चारला नाही. "चार दिवस हवापालट करून या" असे सासूबाई म्हणाल्या. महाबळेश्वर ठरवले थोरल्या दिरांनी. त्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने लॉजला पत्र गेले, एस. टी.ची तिकिटेही त्यांनीच आणली. माझ्या यजमानांना फक्त निघायचा दिवस कळवण्यात आला. आणि निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी सांगितले, "धाकटीलाही घेऊन जा. तिची परीक्षा झाली आहे, तिने कधी डोंगर पाहिला नाही." धाकटी म्हणजे माझी चौदा वर्षांची नणंद. ज्युलियाच!

लॉजची खोली एकच. मी आणि नणंद आत झोपलो, हे बाहेर व्हरांड्यात. चारही रात्री. दिवसा आम्ही तिघांनी सगळे पॉइंट पाहिले, घोड्यावर बसलो, मक्याची कणसे खाल्ली. नणंदेला फार आनंद झाला; तिच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता आणि आज ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे. पण मला समुद्र पाहायचा होता. मी विदर्भातल्या गावची, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. हे मी कोणाला बोलले नाही. कोणी विचारलेच नाही, मग बोलणार कशी?

पुढे पुष्कळ वर्षांनी, मुले मोठी झाल्यावर, बोलता बोलता मी हे यांच्यापाशी काढले. ते चकित झाले. "अगं, मग सांगायचंस ना! महाबळेश्वर मलाही नको होतं. मला वाटलं तुला आवडेल." मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे?" त्यावर ते बराच वेळ गप्प होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. दोघांनाही नको असलेल्या ठिकाणी आम्ही चार दिवस एकमेकांना आवडते आहे असे समजून काढले, ही गोष्ट आठवली की आधी हसू येते.

समुद्र मला दाखवला तो आपल्या मंडळाने. १९८३ सालची हर्णै-मुरुडची सहल आठवते का? चाळीस बायका, प्रासंगिक करारावर घेतलेली एस. टी., आणि तेव्हाच्या खजिनदारबाईंनी पोस्टकार्डे पाठवून ठरवलेली उतरायची जागा. त्यांनी निघण्याआधी प्रत्येकीला विचारले होते: गाडी लागते का, उपास कोणता, रात्री उठावे लागते का, काय पाहायचे आहे. एका वहीत सगळे टिपून घेतले. मी "समुद्र" असे सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत; त्यांनी मला खिडकीची, उजव्या हाताची जागा दिली. त्या बाई आज आपल्यात नाहीत. प्रवासाची आखणी कशाला म्हणतात हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता पंधरा हजारांचा प्रश्न. मुलाच्या तक्रारीत तथ्य आहे, पण त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. पूर्वी प्रवासाच्या कचेरीत जाऊन तिकीट काढले तर आपल्याला वेगळे पैसे पडत नसत, कारण त्यांची दलाली विमान कंपनी, आगबोट कंपनी किंवा हॉटेल देई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विमान कंपन्यांनी ही दलाली कमी करत आणली आणि गिऱ्हाईक फोनवरून परस्पर तिकीट काढू लागले. तेव्हा आखणी करणाऱ्यांनी आपल्या कष्टाचे पैसे उघडपणे मागायला सुरुवात केली. मला यात वाईट दिसत नाही. ज्याचे मीठ खाईल त्याची बाजू माणूस घेईल. हॉटेलकडून पैसे मिळत असतील तर तो हॉटेलचा माणूस. आपण दिले तर आपला. त्या बाईंना एवढे स्पष्ट विचारावे की तुम्हांला आणखी कुठून काही मिळते का, आणि उत्तर लिहून घ्यावे.

दुसरी सावधगिरी पैशांची. १८४१ पासूनची परंपरा सांगणारी कुकची ब्रिटनमधली कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एका रात्रीत बुडाली, आणि परदेशात अडकलेल्या दीड लाखावर माणसांना तिथल्या सरकारला परत आणावे लागले. (भारतातली त्या नावाची कंपनी २०१२ पासून निराळ्या मालकीची आहे, ती चालू राहिली.) त्याच वर्षी १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज देणी थकून दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. म्हणजे जुने नाव ही हमी नव्हे. सगळी रक्कम एकदम एका हाती देऊ नये. तिकीट आणि हॉटेल यांची नोंद आपल्या नावावर झालेली पाहावी आणि मग पुढचा हप्ता द्यावा. आपण भिशीच्या बाबतीत जेवढ्या जागरूक असतो तेवढे राहिले तरी पुष्कळ.

काहींनी सुचवले की मोठ्या कंपन्यांच्या खास नवविवाहितांच्या सहली असतात, त्यांत नाव घालावे. बस भरून नवी जोडपी, सोबत मार्गदर्शक, जेवायला वरणभात. हसू नका, ज्यांनी कधी परदेश पाहिला नाही त्यांना यात मोठा आधार आहे, आणि त्या बसमध्ये जुळलेल्या मैत्री पुढे बारशांपर्यंत टिकलेल्या मला ठाऊक आहेत. नातीने मात्र मान हलवली. "आजी, लग्नात सहाशे माणसं भेटणार आहेत. त्यानंतर आणखी चाळीस नकोत."

तिने तोंड उघडले ते इथे. मग मी तिला शेजारी बसवून विचारले, जे कोजागिरीच्या रात्री विचारायला हवे होते. "तुला काय हवंय?" ती थोडी घुटमळली. "रागावणार नाहीस ना? मला झोप हवी आहे. लग्नाआधी महिनाभर ऑफिस, खरेदी, आमंत्रणं. लग्नाच्या रात्रीच विमानात बसायचं, सात दिवसांत चार गावं, रोज पहाटे गजर. तो इतक्या हौसेनं बसलाय नकाशे घेऊन, त्याला कसं सांगू?"

पंचावन्न वर्षांनीही तेच! फक्त नकाशा आता फोनवर.

शेवटी दोघे मिळून त्या बाईंना भेटायला गेली. बाईंनी पैशांचे काढण्याआधी दोन कागद पुढे ठेवले. दोघांनी वेगवेगळे बसून भरायचे, एकमेकांचे पाहायचे नाही. किती वाजता उठायला आवडते, दिवसात किती चालवते, काय खात नाही, कशाची भीती वाटते, आणि या प्रवासात एकच गोष्ट मिळणार असेल तर ती कोणती. त्याने लिहिले: डोंगरातली आगगाडी. तिने लिहिले: पहिले तीन दिवस गजर नको, आणि पाण्याकाठची खोली. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर नातजावई चांगलाच ओशाळला म्हणे. आमच्या ह्यांच्यासारखाच तोही मनाचा चांगला आहे. त्याच्या ध्यानात आले नव्हते इतकेच.

ठरले ते असे. लग्नानंतर पाचव्या दिवशी निघायचे. चार गावांऐवजी एकच, थून आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मध्ये वसलेले इंटरलाकन, सहाही रात्री तिथेच मुक्काम. युंगफ्राउयोखला जाणारी, १९१२ साली पूर्ण झालेली आगगाडी साडेतीन हजार मीटरच्या जवळपास चढते, आणि तिच्यासाठी त्याच गावाहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. तेवढी एक सकाळ गजर लावायचा. व्हिसाचे कागद, बँकेचे उतारे, तीस हजार युरोचा विमा ही कटकट त्या बाई पाहणार. तिथली हिंडफिर ही दोघे स्वतः ठरवणार. अर्ध्या कामाचे म्हणून बाईंनी नऊ हजार सांगितले, आणि माझ्या मुलाने ते फारशी कुरकूर न करता दिले.

एक गोष्ट बाईंनी विचारली ती आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तिकीट कोणत्या नावाने काढायचे? पासपोर्टवर मुलीचे माहेरचे नाव आहे, आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळलेच पाहिजे. लग्नाच्या गडबडीत हौसेने सासरच्या नावाने तिकिटे काढलेली जोडपी विमानतळावर अडकतात. नातीने एका क्षणाचाही विचार केला नाही. "आहे त्याच नावानं काढा. ते बदलायचं की नाही हे मी नंतर ठरवीन."

जेजुरीही व्हायची आहे. चौथ्या दिवशी, निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी सकाळी. पायऱ्या चढायचा सराव नातजावयाने आतापासूनच जिन्यात सुरू केला आहे. माझ्या नणंदेलाही बरोबर यायचे आहे. जेजुरीपर्यंतच, असे मी तिला बजावले आहे.